दूध नासतं, खोबरं खवट होतं

(तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसमोर झालेलं व्याख्यान, थोडं हात फिरवून)

मंडळी, नमस्कार. मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले पुढे या, सतरंजीवर भरपूर जागा आहे. फलकावर आजचा विषय लिहिलाय ‘प्रगत इंग्रजी शब्दसंपदा’. तो वाचून मलाच दडपण आलं. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण कुणी मला ‘तुमची शब्दसंपदा किती’ असं विचारलं असतं तर मी विषय बदलला असता.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. बी.ए. झालो होतो, वय बावीस. शिक्षकाच्या एका जागेसाठी अर्ज केला. त्या काळी अर्जाच्या शेवटी सगळे ‘युवर ओबिडिअन्ट सर्व्हंट’ लिहायचे. मला वाटलं, आपण जरा भारी लिहू. माझ्याकडे एक गाइड होतं. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, असे दोन रकाने. त्यात ‘ऑब्सिक्विअस’ या शब्दापुढे छापलं होतं, ‘आज्ञाधारक, नम्र’. मी खाली ठोकून दिलं, ‘युवर ऑब्सिक्विअस सर्व्हंट’. मुलाखतीला गेलो. समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, “म्हणजे तुम्ही इथे येऊन आमची लाळ घोटणार का?” बाकीचे हसले. मीही हसलो, कारण सगळे हसत होते. का हसले ते दुसऱ्या दिवशी कॉलेजातली मोठी डिक्शनरी उघडली तेव्हा कळलं. नोकरीचं काय झालं ते विचारू नका.

गंमत अशी की गाइड अगदीच खोटं बोलत नव्हतं. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘आज्ञेत राहणारा’ असाच होता. पुढे तो घसरत घसरत ‘पुढेपुढे करणारा, लाळघोट्या’ इथवर आला. शब्द असे घसरतात. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. मराठीत राग म्हणजे काय, ते घरी उशिरा जाऊन बघा. आता ओबिडिअन्ट आणि ऑब्सिक्विअस यांचं मूळ बघा. पहिला लॅटिनमधल्या ‘ऐकणे’ या क्रियापदापासून आलाय, दुसरा ‘मागे जाणे’ यापासून. आपण काय म्हणतो? चांगल्या पोराबद्दल म्हणतो, ‘पोरगं ऐकतं’. आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाबद्दल म्हणतो, ‘हा साहेबाच्या मागेमागे फिरतो’. दोन शब्दांमधला सगळा फरक माझ्या मराठीत आधीपासून होता. गाइडने दोघांच्या पुढे ‘आज्ञाधारक’ छापलं आणि मी माझी मराठी बाजूला ठेवून गाइडवर विश्वास टाकला.

मागच्या महिन्यात इथेच अभ्यासिकेत बसणारा एक मुलगा भेटला. अमळनेर बाजूचा. मला म्हणाला, “सर, रोज वीस शब्द पाठ करस, पन ध्यानमा ऱ्हात नही.” वही दाखवली. अक्षर मोत्यासारखं, लाल-निळी शाई, तेच दोन रकाने. मी एक पान उघडून उजवा रकाना हाताने झाकला. वीसपैकी सहा सांगता आले. मग डावा रकाना झाकला. तीन.

यात त्या मुलाच्या डोक्याचा दोष नाही. हर्मान एबिंगहाउस नावाचा जर्मन माणूस होता. माणूस पाठ केलेलं किती वेगाने विसरतो, हे त्याने स्वतःवरच प्रयोग करून मोजलं आणि १८८५ साली प्रसिद्ध केलं. त्यासाठी त्याने मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं जुळवली. का? तर अर्थ असला की माणसाला तो धरून ठेवता येतो आणि मोजमाप बिघडतं. पहिल्या काही तासांतच निम्म्याहून जास्त विसरायला होतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. आणखी एक गोष्ट त्याने नोंदवली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. कवितेच्या ओळी पाठ करायला त्याला निरर्थक अक्षरांच्या मानाने साधारण एक दशांश कष्ट पडले. त्या बिचाऱ्याला प्रयोगासाठी अर्थ नसलेले शब्द मुद्दाम तयार करावे लागले. आपण मात्र चांगला अर्थ असलेले शब्द घेतो, रकान्यात उभे करतो आणि त्यांना निरर्थक करून मग घोकतो.

आता जरा स्वयंपाकघरात चला. दूध खराब झालं की आपण काय म्हणतो? (सभागृहातून: “नासलं!”) बरोबर. भाजी? (“विटली!”) जुनं खोबरं, शेंगदाणे, तेल? (“खवट!”) बंद डब्यातलं पीठ? (“कुबट!”) आंबा? (“सडला!”) आणि भाकरी? (एक आजी: “भाकर शिळी व्हते, खराब न्हई व्हत!”) आजींनी माझं निम्मं व्याख्यान एका वाक्यात संपवलं. शिळी भाकरी खराब नसते, कांद्याबरोबर उलट चांगली लागते.

हे तुम्हाला कुणी शिकवलं? कोणत्या गाइडमध्ये ‘नासणे : दुधासाठी, विटणे : भाजीसाठी’ असा तक्ता होता? नव्हताच. तरी कुणी ‘आज भाकरी नासली’ म्हणालं तर चार वर्षांचं पोरही हसेल. शब्द कुणाच्या पंगतीला बसतो आणि कुणाच्या बसत नाही, हे आपल्याला कानाने कळलेलं असतं. जे. आर. फर्थ नावाचा इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होता. शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबतीवरून, असं त्याने १९५७ मध्ये लिहिलं. भाषाशास्त्रात तो विचार आजही सांगितला जातो. आपल्याकडे माणसाबद्दल हेच कधीपासून म्हणतात.

इंग्रजीतही ही पंगत ठरलेली आहे. तेल-लोणी ‘रँसिड’ होतं, म्हणजे आपलं खवट. पाव ‘स्टेल’ होतो, म्हणजे शिळा. दूध ‘सावर’ होतं. साचून वास मारणारं पाणी ‘स्टॅग्नन्ट’, मचूळ-खारट पाणी ‘ब्रॅकिश’. तापीच्या काठापासून लांबच्या गावांत बोअरचं पाणी प्यायलेल्यांना ब्रॅकिश वेगळा समजावून सांगावा लागत नाही, जिभेवर ठेवला की झालं. गाइडमध्ये मात्र रँसिडचा अर्थ ‘खराब’, स्टेलचा अर्थ ‘खराब’, सावरचा अर्थ ‘आंबट, खराब’. असं पाठ केलं की परीक्षेत रिकाम्या जागेपुढे चार पर्याय येतात आणि चारही आपल्याला ‘खराब’ दिसतात. म्हणून मी म्हणतो, रँसिडपुढे ‘खवट’ लिहा. नुसतं ‘खवट’ही नको, ‘खवट शेंगदाणे’ लिहा. वही तुमची आहे. मराठीत लिहा, अहिराणीत लिहा, लेवा गणबोलीत लिहा, कुणी तपासायला येणार नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे एक न्यूनगंड आहे. साक्री-पारोळ्याकडची मुलं अहिराणी लपवतात, रावेर-यावलची गणबोली लपवतात. पुण्यात गेली की दोन आठवड्यांत ‘शे’चं ‘आहे’ होतं. होऊ दे, त्यात पाप नाही. पण तुम्ही जी टाकून देता तीच तुमची डिक्शनरी असते. इंग्रजीत ‘वेवर्ड’ असा एक शब्द आहे. वाटेला न लागणारा, मनाला येईल तिकडे भरकटणारा. गाइडमध्ये ‘हट्टी’ असं काहीतरी सापडेल. आपल्याकडे बांध ओलांडून दुसऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या, हाकललं तरी फिरून तिथेच जाणाऱ्या गुराला वढाय म्हणतात. बहिणाबाईंनी तो शब्द माणसाच्या मनाला लावला आणि अख्ख्या महाराष्ट्राला कळला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहेच. ‘वेवर्ड’पुढे ‘वढाय ढोर’ लिहून बघा. पुन्हा कधी विसरलात तर मला फोन करा.

आता कुणी म्हणेल, इंग्रजीला एकाच गोष्टीसाठी इतके शब्द लागतातच कशाला? त्याला इतिहास आहे, थोडक्यात सांगतो. इंग्लंडात जुनी देशी इंग्रजी होती. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कोर्टात फ्रेंच आली. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून शब्द आणले. त्यामुळे तीन थर झाले. विचारणे म्हणजे ‘आस्क’, हा घरचा. ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेला. ‘इंटरॉगेट’ थेट लॅटिन. आई विचारते तो आस्क, वर्गात सर विचारतात तो क्वेश्चन, आणि ठाण्यात बसवून विचारतात तो इंटरॉगेट. आपल्याकडेही हेच आहे. पुसणं, प्रश्न करणं, चौकशी करणं. पुसणं मातीतलं, प्रश्न संस्कृत, चौकशीला कचेरीचा वास. घरी ‘माय’, व्यासपीठावर ‘माता’. कुणी घरात शिरून ‘माते, भोजन सिद्ध आहे काय?’ म्हणाला तर माय त्याचं कपाळ तपासेल. जड इंग्रजी शब्द जिथे तिथे वापरणाऱ्याचं इंग्रजांच्या कानाला असंच होतं. मी अर्जात तेच केलं होतं. प्रगत शब्द ओळखता यावेत आणि शंभरातून एकदा वापरता यावेत, इतकं पुष्कळ झालं.

उलट्या बाजूचीही एक गोष्ट ऐका. आपण इंग्रजी शब्दांच्या मागे लागलोय, तसा एक इंग्रज मराठी शब्दांच्या मागे लागला होता. मोल्सवर्थ. लष्करातला अधिकारी. थॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ मदतीला, सोबत आपले पंडित. १८३१ मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द ६०,००० च्या घरात गेले. तो कोश कधी उघडून बघा. एकेका शब्दापुढे अर्थ देऊन माणूस थांबत नाही, तो शब्द कुठे वापरतात, कशाबरोबर येतो, थट्टेत म्हणतात की रागात, हे सांगत बसतो. परक्या भाषेचे शब्द कसे शिकावेत याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही, आणि तो आपल्याच भाषेवर केलेला आहे.

आता मुळांकडे येतो, कारण मला यातच जास्त रस आहे. तुम्ही मोबाइलवर रोज ‘डिलीट’ करता. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पुसून टाकणे. त्याला पुढे नकार लावला की होतो ‘इन्डेलिबल’, न पुसता येणारा. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या शाईला इंग्रजीत इन्डेलिबल इंक म्हणतात. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीपासून ती म्हैसूरच्या कारखान्यात तयार होते. पण रावेर-यावलच्या मुलांना शाईपर्यंत जायची गरज नाही. केळीचा चीक! माझे वडील केळी कापायला जाताना एक ठरलेला सदरा घालायचे. मूळचा पांढरा. खांद्यावर घड ठेवायचा तिथे चीक गळायचा. ओला असताना नुसतं पाण्यासारखं काही दिसायचं, म्हणून लहानपणी मला ते काही वाटायचं नाही. वाळला की तांबूस, मग काळपट. आईने साबण लावला, सोडा लावला, दगडावर आपटून आपटून सदऱ्याची शिवण उसवली, डाग तिथेच. शेवटी सदरा फाटला, त्याचं फडकं झालं, फडक्यावरही डाग. इन्डेलिबल म्हणजे तो डाग. हा शब्द मी एकदाच वाचला, पाठ केल्याचं आठवतच नाही.

‘एफेमरल’ घ्या. ग्रीक भाषेत ‘हेमेरा’ म्हणजे दिवस. दिवसभरापुरता तो एफेमरल, क्षणभंगुर. क्षणभंगुर हा शब्द आपण कीर्तनाबाहेर कधी वापरतो? मी वर्गात कपाशीचं फूल घेऊन जायचो. आपल्या कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा फिकट पिवळसर-पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, मग कोमेजून गळतं आणि मागे बोंड धरतं. काल पांढरं, आज गुलाबी, उद्या खाली. एका मुलीने वहीत शब्दापुढे फूलच चिकटवलं होतं. वर्षाअखेरीस फुलाचा भुगा झाला, शब्द टिकला.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा इंग्रजी पेपर ‘टॉरिड’ लिहितात. लॅटिनमध्ये त्याचं मूळ ‘वाळवणे, भाजणे’. आपला चहाबरोबरचा ‘टोस्ट’ त्याच मुळाचा. इंग्रजीतला ‘थर्स्ट’ लांबचा चुलत. आणि संस्कृतातली ‘तृषा’ त्याच घराण्यातली, तिच्या बहिणीची, तृष्णेची, आपण ‘तहान’ केली. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मुळाच्या असाव्यात, असं विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात मांडलं, तेव्हापासून ही सोयरीक विद्वानांनी तपासून ठेवलेली आहे. गंमत म्हणून आणखी एक सांगतो. मघाच्या ऑब्सिक्विअसमध्ये जे ‘मागे जाणे’ आहे, त्याच कुळातला संस्कृत शब्द म्हणजे ‘सचिव’, सोबत असणारा. मंत्रालयात कुणी ओळखीचं असेल तर सांगू नका.

इथे एक धोक्याची सूचना. मूळ शोधायची चटक लागली की व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीही खरं वाटायला लागतं. ‘न्यूज’ हा शब्द नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांच्या पहिल्या अक्षरांवरून आला, असं तुमच्यापैकी किती जणांनी पुढे पाठवलंय? (बरेच हात वर.) मीही पाठवलंय, निवृत्त झाल्यावर. ते खोटं आहे. न्यूज म्हणजे नव्या गोष्टी, इतका साधा तो शब्द आहे. मूळ लक्षात ठेवायला मदत करतं, अर्थाची हमी देत नाही. ऑब्सिक्विअसनेच मला ते शिकवलं. आणि उलटी देवाणघेवाणही विसरू नका. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा आपल्या मराठी मुंगुसावरून गेलाय. त्यांना तो पाठ करावा लागतो, आपल्या बांधावरून पळतो.

किती शब्द लागतात, असा प्रश्न नेहमी येतो. मायकेल वेस्ट नावाच्या शिक्षकाने बंगालमध्ये शिकवताना या कामाला हात घातला आणि १९५३ मध्ये साधारण २,००० मूळ शब्दांची यादी काढली. ते २,००० तुमच्याकडे आहेत, नसले तर आधी ते. त्यावर कॉलेजच्या पुस्तकांत सारखे भेटणारे शब्द, अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली काढलेले ५७० शब्दगट, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली त्याची भावंडं मिळून एक गट. शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे वाटून इंग्रजी पेपर किंवा कादंबरी सरळ वाचता यावी, तर शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या हिशोबाने ८,००० ते ९,००० शब्दगट लागतात. मोठा आकडा आहे. रकाने भरून तो गाठणारा मी अजून पाहिला नाही. गाठणारे वाचत गाठतात. इथल्या टेबलावर रोजचा इंग्रजी पेपर येतो, दुपारी बारानंतर त्याला हात लावणारा कुणी नसतो, हे ग्रंथपाल सांगतील.

(एका मुलीचा प्रश्न: “सर, हे सगळं ठीक, पण बँकेची परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. आता काय करू?”)

हा खरा प्रश्न. तीन आठवड्यांत वाचनाची सवय लागणार नाही, थापा मारत नाही. नवी यादी आता घेऊ नको. जुन्या वहीतले अर्धवट येणारे शंभर-दीडशे शब्द निवड. प्रत्येकाचं एक इंग्रजी वाक्य जुन्या प्रश्नपत्रिकांतून शोध, कारण बँकेच्या पेपरात उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या असतात, सुट्टे अर्थ क्वचित विचारतात. वाक्याखाली तुझ्या घरातली, शेतातली, एसटीतली एक गोष्ट तीन-चार शब्दांत लिही. मग वही मिटून आठवायचं. वाचत बसायचं नाही, आठवायचं, त्यात त्रास होतो आणि तो त्रासच उपयोगी पडतो. आज, परवा, मग आठवड्याने. आलेला शब्द मागे टाक, न आलेला पुढे घे. झोपायच्या आधी दहा मिनिटं, सकाळी एसटीत दहा मिनिटं. घरी कुणी “काय करी राहिनी?” विचारलं तर तोच शब्द त्यांना अहिराणीत समजावून सांग. सांगता आला तर आला, अडखळलीस तर दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात.

पेपर झाला की वही घेऊन ये. मी गुरुवारी आणि रविवारी चारनंतर इथेच असतो, खिडकीजवळच्या टेबलाशी. आजींनाही घेऊन ये, मला त्यांच्याकडून पिठाबद्दल आणखी विचारायचं आहे.